साखरेची नोंद

आमच्या घरात दारूचा थेंब कधी आला नव्हता. तो मी आणला, आणि आणला तोही बादलीभर.

चाळिशी उलटली की माणसाला काहीतरी खूळ लागतं. कुणी महागडी सायकल घेतं, कुणी पहाटे उठून पळायला लागतं. मला बिअर करायचं खूळ लागलं. गुरुग्रामला आमच्या ऑफिसात एका सहकाऱ्याने घरी केलेल्या दोन बाटल्या आणल्या, तर निम्मा मजला त्याच्याभोवती गोळा झाला. मी त्या मजल्यावर अकरा वर्षं बसतोय. वाढदिवसाच्या केकशिवाय माझ्याभोवती कुणी जमल्याचं मला आठवत नाही. म्हटलं, आपणही करून बघू. कारण एवढंच होतं, उगाच छंदबिंद म्हणून मोठेपणा कशाला सांगू.

राहायला आम्ही दिल्लीतल्या द्वारकेत. सरकारी नोकरांनी मिळून उभी केलेली जुनी सोसायटी, चौथा मजला. फ्लॅट वडिलांचा. आई गेल्यापासून घरात तिघंच: वडील, मी आणि बायको. मुलगी पुण्याला शिकते. मी वडिलांच्या घरात राहतो, पण वागायचो असा की जणू तेच माझ्याकडे येऊन राहिलेत. टीव्हीचा आवाज कमी करा, गिझर बंद करा, दार लावून घ्या. ते करायचे.

वडील मूळचे वर्धा जिल्ह्यातले. केंद्र सरकारच्या एका खात्यात कारकून म्हणून लागले आणि सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झाले. सगळा जन्म फायलींत गेला. कागदावर आलं नाही ते झालंच नाही, असा त्यांचा हिशेब. वाण्याची यादीसुद्धा तारीख घालून लिहायचे आणि खाली सही करायचे. आई असताना ती त्यावरून त्यांची फार चेष्टा करायची.

पण सही मात्र बघण्यासारखी. दिल्लीत सगळे इंग्रजीत गिरगटा करतात. वडील मराठीत पूर्ण नाव लिहायचे. स्वतःचं, मग बापाचं, मग आडनाव. अक्षरं आधी, आणि शिरोरेषा सगळ्यात शेवटी, एका दमात ओढलेली. त्या सहीत मधे ज्यांचं नाव यायचं ते माझे आजोबा कापसाच्या जिनिंग कारखान्यात रुईच्या गाठी उचलायचे आणि पगाराच्या दिवशी अंगठा लावायचे. 'आपल्या घरातला शेवटचा अंगठा माझ्या बापाचा,' असं वडील जेवताना कधीतरी सांगायचे. आम्ही मान डोलवायचो आणि भाकरी मोडायचो. माझी स्वतःची सही म्हणजे इंग्रजीत दोन रेघा आणि एक आकडा. वडिलांनी ती एकदा मुलीच्या प्रगतिपुस्तकावर पाहिली आणि विचारलं, 'हे कुणाचं नाव आहे?'

एका शनिवारी मी बादली, नळी, माल्टची पिशवी असं सगळं सामान घेऊन घरी आलो. बायको शाळेत शिकवते, सुट्टीच्या दिवशी तिला शांतता हवी असते. तिने नाक मुरडलं आणि ओटा चिकट झाला तर बघा, एवढं बजावून ती आत गेली. वडिलांनी चष्मा लावला आणि पिशवीवरची सगळी अक्षरं वाचून काढली.

'हे काय आहे?'

'बिअर करायचं सामान आहे, बाबा.'

'परवाना लागत असेल ना?'

'घरच्यापुरती करायचीय. कोण विचारतंय?'

'मी विचारतोय.'

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तुमच्या पिढीला श्वास घ्यायलाही शिक्का लागतो, असं काहीतरी मी बोललो. वडील पंचशील पाळणारे. रोज सकाळी अंघोळ झाली की म्हणायचे, आणि नुसते म्हणायचे नाहीत. पाचव्या शीलाने मद्य वर्ज्य म्हणजे वर्ज्य, विषय संपला. शिवाय आजोबा प्यायचे. पगाराच्या दिवशी त्यांना हातगाडीवर घालून घरी आणायला लहानपणी वडीलच जायचे. हे त्यांनी आम्हाला जन्मात एकदाच सांगितलं होतं, आणि मला ते चांगलं ठाऊक होतं. तरी मी बादली त्यांच्याच स्वयंपाकघरात मांडली.

पहिली बादली मी एकट्याने केली आणि नासवली. दोन आठवड्यांनी झाकण उघडलं तर आंबट भपकारा. वडील पेपर वाचत बसले होते, तेही उठून आले.

'यीस्ट कोणत्या तारखेला घातलंस? तेव्हा पाणी किती गरम होतं?'

मला सांगता येईना. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं फाईल हरवून आलेल्या कारकुनाकडे पाहत असतील. पुढच्या रविवारी मी पुन्हा पातेलं चढवलं, तर ते जाड पुठ्ठ्याचं लांबलचक रजिस्टर घेऊन स्टुलावर येऊन बसले. म्हणाले, 'मी पिणार नाही. चाखणारही नाही. पण असं बिनकागदाचं काम माझ्या घरात नको.'

पहिल्या पानावर त्यांनी लिहिलं, 'घरगुती प्रयोग. विक्रीसाठी नाही.' खाली सही. मग पट्टीने रकाने आखले: तारीख, वेळ, काय केले, कोणी केले, सही. त्यापुढचा शेवटचा रकाना माझ्यासाठी होता, त्याचं नाव 'पाहिले'. प्रत्येक काम झालं की ज्याने केलं त्याने नोंद करायची, आणि पान भरलं की मी ते वाचून 'पाहिले'खाली सही करायची. मला हसू आलं. मी म्हटलं, 'बाबा, ही बिअर आहे, संसदेचं विधेयक नाही.' तेही हसले, पण रकाना ठेवला.

मी त्यात एकदाही सही केली नाही. माझ्या कामांची नोंदसुद्धा तेच माझ्याकडून विचारून करायचे. वडील ते रजिस्टर जेवणाच्या टेबलावर उघडं ठेवायचे, वर पेन आडवं. मी ते सरकवून तिथे लॅपटॉप ठेवायचो.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर तेच रविवार बरे होते. आई गेल्यावर आमच्या दोघांत बोलणं म्हणजे 'जेवलात का' आणि 'हो', याच्या पलीकडे जात नव्हतं. आता ते स्टुलावर बसून थर्मामीटर वाचायचे, 'पासष्ट... सदुसष्ट... गॅस कमी कर.' उकळताना वास बाहेर जाऊ नये म्हणून खिडकी लावायचे, मग घामाघूम व्हायचे. मधेच काहीतरी सांगायचे. दिल्लीत आले तेव्हा पहिल्या हिवाळ्यात त्यांच्याकडे स्वेटर नव्हता, तर वर्तमानपत्र शर्टाच्या आत घालून ऑफिसला जायचे. त्या पहिल्या दिवशी हजेरीपटावर सही करताना हात कापत होता, ते थंडीने की कशाने, हे अजून कळलं नाही म्हणाले. मी एका हाताने पातेलं ढवळायचो, दुसऱ्या हातात फोन. अर्धंमुर्धं ऐकायचो. त्यातलं किती हरवलं याची मोजदाद आता होणार नाही.

बाटल्या धुणं त्यांचंच काम. ऑफिसच्या पार्ट्यांतून जमवलेल्या तपकिरी बाटल्या मी पोतंभरून आणायचो. वडील त्या सोड्याच्या गरम पाण्यात भिजवून एकेकीचं लेबल नखाने खरवडून काढायचे. मग उलट्या ठेवून वाळवायच्या. आणि मग साखर. बाटलीत भरताना थोडी साखर लागते. बिअरमध्ये उरलेलं यीस्ट ती साखर खातं, बंद बाटलीत गॅस धरतो आणि फेस त्यातून येतो. साखर जास्त झाली की गॅस जास्त होतो आणि बाटली फुटते. हे मी वडिलांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, त्यांनी ते लाल शाईने लिहूनही ठेवलं होतं. प्रत्येक बाटलीत एक लहान चमचा, सपाट, वरून बोटाने पुसलेला. हे काम ते औषध मोजावं तसं करायचे. मग मी नळीने बिअर भरायची आणि त्यांनी यंत्राने पत्र्याचं झाकण दाबून बसवायचं.

चौथी खेप फार छान उतरली. ऑफिसात नेली तर माझ्याभोवतीही माणसं जमली एकदाची. 'यार, ये तूने बनाई? अकेले?' मी म्हटलं, हां, अकेले. वडिलांचा विषय काढला नाही. सत्तरी पार केलेले, न पिणारे वडील स्टुलावर बसून तापमान सांगतात, हे त्या माणसांना काय सांगायचं, असं मला वाटलं. लाज वाटली म्हणा ना.

पाचव्या खेपेच्या वेळी मी एक व्हिडिओ पाहिला. त्यात म्हटलं होतं की चमचा-चमचा साखर घालणं अडाणीपणा आहे. सगळी साखर पाण्यात उकळून एकदम बादलीत मिसळावी, म्हणजे सगळ्या बाटल्या सारख्या होतात. मी ठरवलं, या वेळी असं करायचं. वडिलांना सांगणार होतो. सकाळी चहाच्या वेळी सांगू म्हटलं, आणि राहिलं.

फेब्रुवारीचा शेवटचा रविवार होता. मी साखरेचा पाक करून बादलीत ओतला, ढवळला, आणि तेवढ्यात साहेबाचा फोन आला. मी समोरच्या बाल्कनीत गेलो. सोमवारच्या कुठल्याशा प्रेझेंटेशनवरून त्याने मला तिथे पाऊण तास इंग्रजीत सोलून काढलं, आणि मी 'बिल्कुल सर, बिल्कुल' करत उभा होतो. इकडे आत वडिलांनी बाटल्या वाळवून पुसल्या. रजिस्टर पाहिलं. साखरेची ओळ त्यांनी सकाळीच आखून ठेवली होती, ती कोरी होती. कोरी म्हणजे काम झालेलं नाही. ओट्यावरच्या पातेल्यात थोडा पाक चिकटलेला होता, तो त्यांनी चहाचा समजून भांडं सिंकमध्ये ठेवलं. मग बत्तीस बाटल्यांत एकेक सपाट चमचा साखर घातली, वेळ लिहिली, सही केली आणि मला वाचता यावं म्हणून रजिस्टर टेबलाच्या मधोमध उघडं ठेवलं.

मी आत आलो तो पेटलेला. रजिस्टरवरच फोन आपटला आणि नळी हातात घेतली. तपकिरी काचेतून तळाची साखर दिसत नाही. मी भरत गेलो, ते झाकणं दाबत गेले. त्यांनी एकदा विचारलं, 'नोंद पाहिलीस?' मी म्हटलं, 'हो हो, पाहिली.' असं मी त्यांना नेहमीच म्हणायचो.

भरलेल्या बाटल्यांचे खोके स्वयंपाकघरामागच्या छोट्या बाल्कनीत, वॉशिंग मशीनशेजारी ठेवले. वर जुनं पोतं टाकलं. तीन आठवडे मुरू द्यायचं, आणि तिसऱ्या रविवारी एक बाटली उघडून फेस बघायचा, असं रजिस्टरमध्ये लिहिलेलं होतं. मार्च लागला तसं दिल्लीचं ऊन एकदम चढलं. त्या बाल्कनीत दुपारी उभं राहवत नव्हतं.

तिसऱ्या रविवारी जेवण करून मी सोफ्यावर लवंडलो होतो. वडील रजिस्टर घेऊन आले. 'आज बाटली बघायची तारीख आहे.' मी म्हटलं, बघू. थोड्या वेळाने पुन्हा आले. 'चल ना, नोंद करायची आहे.' मी डोळे न उघडता म्हटलं, 'तुम्हीच आणा की एक. त्यात काय मोठं.'

टायर फुटल्यासारखा आवाज झाला. मग लागोपाठ आणखी दोन. मी धावलो. वडील बाल्कनीच्या दारात उभे होते, डाव्या हाताने उजवं मनगट धरून. फरशीवर पांढरा फेस पसरला होता आणि त्यात रक्त मिसळत चाललं होतं. मला बघून ते म्हणाले, 'आधी मशीनचं बटण बंद कर, त्यात पाणी गेलंय.'

गाडीत बायकोने त्यांच्या हाताला टॉवेल गुंडाळून धरला होता. मी चालवत होतो आणि डोक्यात आकडेमोड चालू होती. इतका गॅस आला कुठून? पाक तर मी दोनदा मोजला होता. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये त्यांना स्ट्रेचरवर घेतलं, आणि तिथे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

'बाबा, तुम्ही बाटल्यांत साखर घातली होती?'

'घातली.'

'मी बादलीत घातली होती ना.'

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, 'नोंद नव्हती.'

'चुलीत घाला ती नोंद,' मी ओरडलो. 'तोंड नव्हतं विचारायला? एक काम धड होत नाही तुमच्याकडून, आणि वर रजिस्टरं भरत बसायची.' नर्स थांबून बघायला लागली. बायको दबक्या आवाजात म्हणाली, 'अहो, पुरे करा.' वडिलांचे ओठ पांढरे पडले होते. ते एवढंच म्हणाले, 'तू फोनवर होतास.' मग त्यांना आत नेलं.

अंगठ्याच्या मुळाशी स्नायूची दोरी आणि एक नस तुटली होती. डॉक्टरांनी ती जोडली. काही हालचाल परत येईल, पूर्वीसारखी धरू नका, असं सांगितलं.

तिसऱ्या दिवशी सोसायटीची कमिटी घरी आली. काचा डक्टमधून खालच्या मजल्यापर्यंत गेल्या होत्या, वास सगळ्या विंगमध्ये पसरला होता. कुणाला लागलं नव्हतं हे नशीब. सेक्रेटरी म्हणजे वडिलांचा जुना पंजाबी मित्र, रोज सकाळी त्यांच्याबरोबर बागेतल्या बाकावर बसणारा. त्याने अवघडून विचारलं, 'भाईसाहब, ये शराब घर में बना कौन रहा था?'

वडील सोफ्यावर, बँडेज केलेला हात उशीवर. मी दाराशी उभा. माझ्या डोळ्यांपुढे पोलीस, ऑफिस, व्हॉट्सअॅपवरचे फोटो, सगळं एका क्षणात येऊन गेलं. बोलायला तोंड उघडलं असेल मी, पण आवाज निघाला नाही.

वडील म्हणाले, 'गलती मेरी है. आगे से नहीं होगी.'

'आप?' सेक्रेटरी म्हणाला. 'आप तो लेते भी नहीं.'

'रजिस्टर पे साइन मेरे हैं,' वडील म्हणाले.

ते गेले. मी दार लावलं आणि चहा टाकू का, असं विचारलं. अजून आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. ज्या माणसाने नोकरीत दिवाळीच्या मिठाईचा डबासुद्धा परत पाठवला, त्याच्या नावावर मी दारूचा कारखाना चढवला, आणि विचारलं काय, तर चहा टाकू का.

त्या संध्याकाळी मी रजिस्टर पहिल्यांदा वाचलं. पहिल्या पानापासून. त्यांचं अक्षर, त्यांच्या वेळा, माझ्या कामांसमोर 'चि. ने सांगितल्याप्रमाणे'. एके ठिकाणी लिहिलं होतं, 'चौथी खेप उत्तम झाली असे चि. च्या चेहऱ्यावरून वाटले.' शेवटच्या पानावर साखरेची ओळ होती: बत्तीस बाटल्या, प्रत्येकी एक लहान चमचा सपाट, वेळ अकरा वाजून वीस मिनिटे, सही. शिरोरेषा सरळ, पट्टीने ओढल्यासारखी. शेजारचा 'पाहिले'चा रकाना पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कोरा होता. त्यांनी मला लिहून सांगितलं होतं, टेबलाच्या मधोमध ठेवून सांगितलं होतं, आणि वर तोंडानेही विचारलं होतं. मी रजिस्टर मिटलं आणि रद्दीच्या खाली सरकवलं.

वडील बागेत जायचे बंद झाले. लिफ्टमध्ये कुणीतरी म्हणालं, 'अंकल तो छुपे रुस्तम निकले,' आणि सगळे हसले. गमतीनेच म्हणालं होतं. तेव्हापासून ते मागच्या गेटने बाहेर पडून एकटेच सर्व्हिस रोडवर फिरून येऊ लागले. सेक्रेटरी एकदोनदा बोलवायला आला, तर हात दुखतो म्हणाले. बादली, नळी, यंत्र, सगळं मी भंगारवाल्याला देऊन टाकलं. मी एकदा खाली गेलो असतो आणि त्या बाकावर बसलेल्या चार म्हाताऱ्यांना खरं सांगितलं असतं, तर पाच मिनिटांचं काम होतं. उद्या जाऊ, रविवारी जाऊ, असं करत उन्हाळा गेला, पाऊसही गेला.

व्यायाम ते मन लावून करायचे. रबरी चेंडू दाबायचा, बोटं एकेक करून मोजायची. आणि दुपारी दार लावून सही गिरवायचे. जुन्या कॅलेंडरची पानं मला कचऱ्याच्या डब्यात दिसायची, मागच्या कोऱ्या बाजूला ओळीने सह्या. स्वतःचं नाव कसंबसं यायचं. बापाच्या नावापाशी अक्षर फाटायचं, आणि आडनावापर्यंत पोचेतो नुसत्या रेघोट्या. पेन धरायला अंगठा वळतच नव्हता.

एका दुपारी तसली पानं हातात घेऊन मी त्यांच्या खोलीत गेलो. म्हटलं, 'बाबा, चूक माझी होती. मी घातली ते लिहिलं नाही, आणि तुम्ही लिहिलं ते वाचलं नाही.'

ते चेंडू दाबत होते. दहापर्यंत आकडे पुरे केले.

'कमिटी आली होती तेव्हा सांगायचं होतंस,' म्हणाले. मग चेंडू पुन्हा हातात घेतला.

नोव्हेंबर आला. पेन्शनवाल्यांना नोव्हेंबरात बँकेला हयातीचा दाखला द्यावा लागतो. हल्ली ते घरबसल्या फोनवरूनही होतं, बायको म्हणालीसुद्धा, 'बाबा, मी दोन मिनिटांत करून देते.' ते म्हणाले, 'मी जिवंत आहे हे सांगायला मी स्वतः जातो.' दरवर्षी जायचे. इस्त्रीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, खिशाला पेन. बटणं त्यांनी डाव्या हाताने लावली, त्यात बराच वेळ गेला. मी ऑफिसला सुट्टी टाकली होती.

काउंटरवर एक तरुण मुलगी होती. तिने फॉर्म पुढे केला. वडिलांनी पेन पहिल्या आणि दुसऱ्या बोटांच्या बेचक्यात धरलं, तशी सवय केली होती, आणि सावकाश सही केली. तिने स्क्रीनकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं.

'अंकल, साइन मैच नहीं हो रहा. एक बार और?'

त्यांनी पुन्हा केली. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी स्वतःचं नाव बऱ्यापैकी आलं, आजोबांच्या नावाचं पहिलं अक्षर आलं, आणि पेन बोटांतून निसटून काउंटरवरून खाली पडलं. मी वाकून उचललं. मुलगी चांगली होती, तिला वाईट वाटलं. तिने जांभळ्या शाईचा पॅड पुढे सरकवला.

'अंकल, अंगूठा लगा दीजिए. आसान रहेगा.'

मी म्हटलं, 'बाबा, चला घरी. फोनवर करू.'

वडील पॅडकडे बघत होते. मागे लोक उभे होते, कुणीतरी घड्याळ बघत होतं. 'नको,' ते म्हणाले, 'रांग आहे मागे.' आणि त्यांनी डावा हात पुढे केला. तो अंगठा शाबूत होता. तिने तो धरून पॅडवर दाबला, मग कागदावर टेकवून हलकेच फिरवला. तीन फाटक्या सह्यांच्या खाली तो ठसा स्वच्छ उमटला. वडील खिशातून रुमाल काढून अंगठा पुसत राहिले, शाई जात नव्हती.

'अंगूठे के साथ गवाह के साइन लगेंगे,' ती मला म्हणाली. 'आप बेटे हैं ना? यहाँ कर दीजिए.'

मी त्यांचंच पेन घेऊन वाकलो. हात सवयीने त्या दोन रेघा ओढायला गेला.

'पूर्ण नाव लिही,' वडील म्हणाले. 'वाचता येईल असं.'

मी मराठीत लिहिलं. शाळा सुटल्यापासून लिहिलं नव्हतं. माझं नाव, मग त्यांचं, मग आडनाव. त्यांच्या नावाशी माझाही हात थांबला, डोळ्यांपुढे सगळं धूसर झालं होतं. शेवटी एकदाचं झालं. वडिलांनी चष्मा लावला, काउंटरवर वाकले आणि फायलीवरचा शेरा वाचावा तसं ते तिन्ही शब्द वाचले.

'शिरोरेषा राहिली,' म्हणाले.

मी ती ओढली.